पास न झालेलं घर

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय नाथाभाऊ; प्रमुख पाहुणे म्हणून गडब गावाहून मुद्दाम आलेले, आपली ही इमारत बांधणारे बिल्डर श्री. महिपतीशेठ; आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. सॉलोमन रोहेकर, म्हणजे आपले सॉलोमनभाऊ. त्यांच्या शेजारी बसून मघापासून मला 'लवकर आटपा' अशी खूण करणाऱ्या लीयावहिनी. आणि कानटोप्या घालून, शाली लपेटून या गच्चीवर बसलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

प्रमुख पाहुणे बिल्डर, हे ऐकून मागे कोणीतरी हसलं. हसा. शेठही हसतायत. ज्या माणसाच्या शोधात आपण गडबच्या भातखाचरांपर्यंत चिखल तुडवत गेलो, ज्याच्या घरून 'शेठ आत्ताच बाहेर पडले' असं उत्तर मिळायचं आणि चपला मात्र दारातच दिसायच्या, तो माणूस आज एका निरोपावर आला, आणि सगळ्यांच्या आधी आला. खुर्च्याही त्यांनीच मांडल्या. काळ बदलतो तो असा.

मी काळुराम. दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. डोळा रंगवताना बोलून चालत नाही, श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. त्यामुळे वर्षाचे बरेच महिने माझं बोलणं तुंबून राहतं आणि कोणी माइक दिला की ते वाट फुटेल तिकडे धावतं. नाथाभाऊ, तुम्ही घड्याळाकडे बघू नका. मी भरकटलो तर माझी बायको पहिल्या रांगेत खोकेल, तशी तिला सूचना आहे.

तर सुरुवात चौऱ्याण्णव सालापासून करतो. श्रावण सरत आलेला. इमारत उभी होती, पण घरं झाली नव्हती. खिडक्यांना काचा नव्हत्या, जिन्याला कठडा नव्हता, गच्चीवरचा कोबा अर्धामुर्धा पडलेला. आणि गणपती तोंडावर आलेले! आता पेणच्या माणसाला काय सांगावं? साऱ्या मुलखाला गणपती पुरवणारं हे गाव. स्वतःचं घर बांधून उभं असताना पेणच्या माणसाचा देव भाड्याच्या खोलीत बसणार? सगळे शेठच्या मागे लागले, किल्ल्या द्या. शेठ म्हणाले, "आरं, अजून काम बाकी हाय." हे वाक्य ते खरोखर बोलले होते, त्यांच्या बाजूने ते मी इथे सांगून ठेवतो. आपण म्हणालो, काम मागाहून होईल, देव थांबत नाही. आणि 'घर पाहिलं, पसंत आहे, ताबा मिळाला' अशा कागदावर रांगेत उभं राहून सह्या केल्या. माझा गणपती तर गणेश चतुर्थीला येतच नाही. तोवर आम्ही कारखानेवाले लोकांच्या गणपतींत बुडालेले असतो, म्हणून आमच्यातले बरेच जण आपला देव पुढच्या संकष्टीला, साखरचौथीला आणतात. मला कसली घाई? पण सगळे करतायत म्हणून मीही केली. रांग दिसली की आपल्याला उभं राहावंसं वाटतं.

सही केली नाही ती फक्त तळमजल्यावरच्या सॉलोमनभाऊंनी. भाऊ आपल्या कोकणातल्या जुन्या यहुदी घराण्यातले. आपले आजे-पणजे त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. नाव रोहेकर, राहायला पेणला, आणि नोकरीला परत रोह्याकडेच, धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज. त्यांच्या घरी गणपती येत नाही, म्हणून त्यांना मुहूर्त गाठायचा नव्हता. त्यांनी किल्ली घेतली, सामान लावलं आणि कागद तसाच परत दिला. म्हणाले, "काम पुरं झालं की सही करतो, शेठ. कंपनीत टाकी बांधली तर ती भरून बघितल्याबिगर आम्ही सही करत नाय." शेठ घाईत होते. बरं म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पुढच्या पावसाळ्यात ही गच्ची गळायला लागली.

मला इथे थोडं थांबू द्या. तुमच्यापैकी काहींनी ते दिवस शिव्या देत काढले. मी चटईवर पडून छताकडे बघत काढले. आधी एक डाग आला, मग त्याला सोंड फुटली. शेजारी एक होडी आली, आणि श्रावणात त्या होडीला शीड लागलं. पहाटे अर्धवट झोपेत ऐकायचो, टोपात थेंब वेगळा वाजायचा, बादलीत वेगळा, पितळी परातीत आणखी वेगळा, आणि वाटायचं की खाडीपलीकडच्या एखाद्या देवळात कोणी मृदंग लावतंय आणि भजन आता सुरू होईल. खरं सांगतो, मला राग यायला फार वेळ लागला. बायको म्हणाली, "गादी भिजली नं तुमी हसताव काय?" तेव्हा कुठे आला.

माझ्या घरातून ते पाणी भिंतीच्या पोटातून खाली पहिल्या मजल्यावर अनिताताईंच्या मोरीत उतरायचं, आणि तिथून सॉलोमनभाऊंच्या स्वयंपाकघरात. लीयावहिनी पीठ मळायच्या तेव्हा भाऊ शेजारी छत्री धरून उभे असायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दोघं देवघरात उभं राहावं तसे उभे असत, आणि बाहेर पाऊस पडत असे.

मग आपण गडबला गेलो. शेठ घरात सापडले, आपण तक्रार मांडली. शेठ म्हणाले, "घर वाईट असतं तर तुमी त्यात गणपती बसवला असता काय? देव बसला, आरती झाली, मोदक झाले. देवानं घर पास केला. आता मी कोण बोलणारा?"

काय बोलणार? घर वाईट आहे म्हणावं, तर आपणच देवाला वाईट घरात बसवलं असं होतं. घर चांगलं आहे म्हणावं, तर गादी भिजतेय. आमचे नाथाभाऊ एरवी तहसीलदाराला गप्प करतात, तेसुद्धा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. आणि मागून सॉलोमनभाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "शेठ, माझ्याकडं गणपती येत नाय. मग माझं घर कुणी पास केलं?"

शेठ, तुमचा तेव्हाचा चेहरा मला रंगवता आला असता तर मी तो दिवाणखान्यात लावला असता.

शेठही काही कच्चे नव्हते. म्हणाले, "बरं, तुमच्या एकट्याचं करून देतो." भाऊ म्हणाले, "द्या. पण माझं छत म्हणजे अनिताताईंची मोरी. त्यांचं छत म्हणजे काळुरामची खोली. त्याच्यावर गच्ची. पाणी वरनं येतं, तवा वरनंच सुरू करा. माझ्यापर्यंत आलात की सही करतो." तळमजल्याच्या एका छतासाठी सबंध इमारत दुरुस्त करावी लागणार, हे आपल्याही तेव्हाच ध्यानात आलं. येताना एसटीत आपण भाऊंना खिडकीची जागा दिली आणि सेक्रेटरीपदही दिलं. दोन्ही त्यांनी नको नको म्हणत घेतलं.

पण त्या पदाची झळ कोणाला लागली, ते तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. त्यांची मुलगी शीरा लग्न होऊन इस्राएलला, अशदोदला गेली होती. तिला दिवस गेले होते. वहिनींच्या ट्रंका भरून तयार होत्या, जायचं ठरलेलं होतं. आता जायचं म्हणजे घर दुसऱ्याला द्यायचं, आणि घर द्यायचं म्हणजे आधी ताब्याच्या कागदावर सही करायची. भाऊंची सही झाली की शेठला धरायला आपल्या हातात काही उरत नव्हतं. त्या संध्याकाळी भाऊंनी वहिनींना सांगितलं, "लोकांची घरं कोरडी झाली की जाऊ." वहिनी 'बरं' म्हणाल्या आणि इस्त्रीच्या साड्या ट्रंकेतून काढून परत कपाटात ठेवल्या. हे मला माझ्या बायकोने नंतर सांगितलं. मला ते ऐकवेना.

शेठ काय करत होते? शेठ 'होऊ दे' करत होते. पाऊस संपू दे. भात कापून होऊ दे. शिमगा होऊ दे. गावच्या जत्रेत पालखी नाचू दे. भाऊ रात्रपाळी करून धाटावहून यायचे ते वाटेत गडबला उतरूनच. शेठच्या ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "शेठ, माझं घर अजून पास नाय." आवाज कधी चढवला नाही. शेठची आई शेवटी म्हणायला लागली, "आला रं तुजा नापास पावना." तिकडे शीराला मुलगी झाली. आपण पेढे खाल्ले. वहिनींनी फोटो दाखवला आणि लगेच पदराआड नेला.

आणि शहाण्णवची साखरचौथ आली.

माझ्या घरी गणपती. शाडूची मूर्ती, आखणी अर्थात माझी. शेठला दर्शनाचं आमंत्रण गेलं. दर्शनाला नाही म्हणणं आपल्याकडे होत नाही, मग तो बिल्डर का असेना. संध्याकाळी आरतीला सगळी इमारत माझ्या खोलीत. बाहेर भुरभुर, सगळे चंद्राची वाट बघत, आणि चंद्र ढगात. सॉलोमनभाऊ नेहमीसारखे दाराशी उभे राहून टाळ्यांचा ठेका धरून. शेठ अगदी पुढे, डोळे मिटून. आणि आरती मध्यावर असताना छतावरच्या त्या होडीच्या शिडातून एक थेंब सुटला.

तो मी पडताना पाहिला. अजूनही कधी कधी झोपेत दिसतो, इतका सावकाश. तो मूर्तीच्या उजव्या डोळ्यावर पडला. काजळाची रेघ ओली झाली आणि गालावरून खाली ओघळली. देवाच्या डोळ्यांतून पाणी आलं, बंधूंनो. आरती आपोआप थांबली. झांज वाजवणाऱ्याचा हात हवेत राहिला. शेठनी डोळे उघडले, आणि समोर ते.

शेठ म्हणाले, "काळुराम, पूस रं ते. परत आख." मी म्हणालो, "आखीन, शेठ. पण थेंब परत पडंल."

तेव्हा दारातून भाऊ बोलले. टोमणा नव्हता. "शेठ, तुमी म्हणालात देवानं पास केलं. आता देवानंच नापास केलं. आता कुणाकडं जायचं?"

शेठ खालीच बसले. प्रसाद घेतला, पण हातातच धरून ठेवला. चंद्र दिसला तेव्हा बाकीचे खिडकीशी गेले, शेठ गेले नाहीत. शेठ, मी हे सगळ्यांसमोर सांगतोय म्हणून रागावू नका. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर घण वाजायला लागले. सगळा जुना कोबा उकरला. उतार उलटा होता, पाणी नळीकडे जायच्या ऐवजी माझ्या पलंगाकडे येत होतं. शेठ उन्हात खुर्ची टाकून बसायचे आणि सिमेंटचा एकेक हात झाला की स्वतः बोटाने दाबून बघायचे. वरून खाली काम आलं. माझं छत, अनिताताईंची मोरी, नळ, दारं, जिन्याचा कठडा. आणि मग भाऊंच्या कंपनीच्या रीतीप्रमाणे गच्चीची टाकी केली. कडेने मातीचे बांध घातले आणि पाणी भरून ठेवलं.

ती गच्ची आठवते ना? दिवाळीनंतरचं स्वच्छ आभाळ, सगळंच्या सगळं आपल्या घरांच्या डोक्यावर पाण्यात पडलेलं. डोंगर उलटे. एक बगळा येऊन उभा राहिला आणि उठेना. कामाला जायचं सोडून माणसं बांधावर बसून राहिली. आपल्या इमारतीतल्या धोंडुबाईंचा जन्म मिठागरात गेलेला. त्या वर आल्या, साडी खोचली, बांधावरून पावलं टाकत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "गो बाय, मना तं वाटलं माजा बापूस आता फावरा घेऊन येल." मग तिथेच बसल्या. कोणी त्यांना उठवलं नाही. खाली भाऊ आपल्या कोरड्या छताकडे बघत होते आणि वहिनी त्यांच्याकडे.

भाऊ म्हणाले, एक पावसाळा काढू, मग सही. सत्त्याण्णवचा पाऊस झाला, धो धो झाला, आणि थेंब आला नाही. मला तर झोपच लागेना. टोप कोरडा, परात कोरडी. आता भाऊ जाणार, हे तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं.

आणि मग, मित्रहो, आपल्या इमारतीत तक्रारींचा पूर आला. मी नावं घेणार होतो, पण घेत नाही. घेतली तर सगळ्यांचीच घ्यावी लागतील. कोणाचं दार घासायला लागलं. कोणाचा नळ गायला लागला. कोणाला रोजच्या उंबरठ्याची अचानक ठेच लागायला लागली. एका गृहस्थांनी छताला तडा गेला म्हणून दाखवला, ते कोळ्याचं जाळं निघालं. ते गृहस्थ आत्ता माइकवर बोलत आहेत. आणि भाऊ प्रत्येक तक्रार घेऊन शेठकडे जायचे, शेठ माणूस पाठवायचे, माणूस डोकं खाजवत परत जायचा. शेवटी शेठच भाऊंना म्हणाले, "रोहेकर, आईची आण, दारं चांगली हायत. ही लोकं खोटं बोलतात." भाऊ भोळे. म्हणाले, "माझे शेजारी खोटं कशाला बोलतील, शेठ?"

याला उत्तर लीयावहिनींनी दिलं. एका रविवारी आपण याच गच्चीवर मीटिंगला बसलो होतो. वहिनी कधी मीटिंगला येत नाहीत. त्या दिवशी आल्या, पिठाचे हात तसेच. म्हणाल्या, "दारं चांगली हायत. मला ठाऊक हाय तुमी काय करता ते. मला पण जायाला बरं वाटत नाय. पण माझी नात रांगायला लागली, तिला दात आले, आता चालते. समदं मी पत्रातनं वाचते. मला तिला उचलून घ्यायची हाय गो. मोठी झाली की ती माझ्याकडं येणार नाय, लाजंल." एवढंच बोलल्या आणि जिना उतरून गेल्या.

सगळ्यांत आधी अनिताताई उठल्या आणि म्हणाल्या, माझं दार नीट लागतं. मग नाथाभाऊ म्हणाले, माझा नळ नीट आहे. मग एकेक करून सगळे. त्या आठवड्यात भाऊंनी सही केली. शेठनी कागद हातात घेतला आणि किती वेळ नुसते बघत बसले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, नाही का?

आता आज सकाळचं सांगतो आणि बसतो. बायको खोकली, मी ऐकलं.

यांच्या लोकांत दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला एक लहानशी डबी तिरकी ठोकतात. तिला मेझुझा म्हणतात. आत त्यांच्या धर्मग्रंथातलं वचन लिहिलेलं असतं. येता-जाता तिला बोट लावायचं आणि बोट ओठाला. आपली पोरं कधीपासून ते करायला लागली ते समजलंच नाही. मीही करायचो, कारखान्यात निघताना, कोणी बघत नाही असं बघून. घर सोडताना ती डबी काढून न्यायची असते. आज सकाळी भाऊंनी ती काढली, वहिनींनी रुमालात गुंडाळली. चौकटीवर खिळ्यांची दोन बारीक भोकं राहिली आणि मधे रंगाचा फिकट पट्टा.

महिपतीशेठ तिथे होते. कोणी बोलावलं नव्हतं. येताना स्वतः भोकं बुजवायच्या लांबीचा डबा आणि पत्रा घेऊन आले होते, नव्या बिऱ्हाडाला चौकट नीट दिसावी म्हणून. त्यांनी लांबी पत्र्यावर घेतली, हात वर नेला आणि तसाच ठेवला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "काय करू?" बघा, ज्या माणसाला आपण सारखं 'करा, करा' म्हणत होतो, त्याने आपल्याला विचारलं. आणि आपण सगळे एकदम म्हणालो, नको. ते घर आता निकेशने घेतलंय. तोही म्हणाला, काका, ते तसंच राहू दे. शेठनी लांबी परत डब्यात घातली आणि झाकण लावलं. शेठ, या इमारतीत तुम्ही बाकी ठेवलेलं हे एकच काम. त्याची तक्रार येणार नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडावर ऐकून घेतली, आणि तुम्ही सगळे थंडीत बसून राहिलात, त्याबद्दल मी तुमचा मनापासून आभारी आहे. भाऊ, तुमच्यासारखा शेजारी मला परत मिळणार नाही. हे मी भाषणात म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

भाषणाच्या शेवटी चुकल्यामाकल्याची माफी मागायची रीत आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते सगळ्यांनी पोटात घालावं. पण वहिनी, ती माफी मी तुमच्याकडे वेगळी मागतो, सगळ्या इमारतीच्या वतीने. आमच्या छतांसाठी तुम्ही थांबलात, ते तुमचं मोठेपण. छतं कोरडी झाल्यावरही आम्ही तुम्हाला थांबवलं, आणि तेवढ्यात तुमची नात चालायला लागली. ते दिवस आम्हाला दुरुस्त करून देता येणार नाहीत. तिला उचलून घ्याल तेव्हा जमलं तर आम्हाला क्षमा करा.

नमस्कार.